काच गेली, काच राहिला

व्यायामशाळेत मतपेट्या उपड्या केल्या.
बास्केटबॉलच्या जाळीखाली आम्ही सहा जण,
थर्मासमधली कॉफी, बोटांना रबरी टोप्या.
मी हाइडरून क्रेचमार, वय त्र्याहत्तर,
बावीस वर्षं श्टाइनहाइडेच्या काचकारखान्यात तपासनीस.

काम एवढंच:
पेला उचलायचा, उजेडासमोर धरायचा,
बुडबुडा दिसला की बाजूला.
मिनिटाला अकरा पेले.
मतपत्रिकाही मी तशीच धरते, दिव्यासमोर,
आणि एकेहार्ट हसतो, "बाई, ह्यात बुडबुडा नसतो."

नसतो कसा.

तिसऱ्या चौकोनात फुली. तिसऱ्या चौकोनात फुली.
पहिल्यात. पुन्हा तिसऱ्यात,
इतकी दाबून की मागून बोटाला लागते.
आमच्याकडे मत फुलीनेच देतात.
कुणासाठी मारलेली आणि कुणावर मारलेली,
खूण तीच.

एक्क्याण्णवच्या मार्चात पश्चिमेकडचे दोन गृहस्थ आले,
बूट स्वच्छ, बोलणं मऊ.
एकाने यादीवरून पेन फिरवलं.
भट्टी क्रमांक दोन, फुली. पाळणाघर, फुली.
कारखाना गेला एका मार्काला.
काच वाळूची होते हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.
पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय,
ते त्या मार्चात कळलं.

मग बस गेली. डॉक्टर गेला.
बँकेची खिडकी गेली, तिच्या जागी यंत्र,
मग यंत्रही.
माझी झिल्के श्टुटगार्टला गेली, नाताळला फोन करते.
काच गेली, काच राहिला,
कॉलरखाली, पट्ट्याखाली,
माणसाचं माप एकदा चुकीचं घेतलं की राहतो तसा.

आणि गेल्या उन्हाळ्यात तो आला. ट्रकवर व्यासपीठ, सॉसेज फुकट.
त्याने विचारलं, "तुमचं काय काय गेलं?"
तेहतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
पुढच्या रांगेत रडले लोक, मोठाले लोक.
उत्तर मात्र त्याने स्वतःच दिलं,
जुन्या वसतिगृहाकडे बोट दाखवून.
तिथे खिडकीत नावार कांदा चिरत होता,
ज्याचं अख्खं शहर गेलंय.
प्रश्न नितळ होता. बुडबुडा उत्तरात होता.
मी टाळी वाजवली नाही.
सॉसेज खाल्लं.

भट्टीवरचा फोल्कमार म्हणायचा,
घाईने गार केलेली काच दिसायला चोख असते,
ताण आत राहतो.
कधीतरी मध्यरात्री, कुणी हात न लावता,
कपाटातच फुटते.
लोक म्हणतात भूत. भूत नव्हे, घाई.
मग करायचं काय?
पुन्हा तापवायची, बेताने,
आणि निवू द्यायची, तासातासाने,
जवळ कुणीतरी बसून.
जवळ कुणीतरी बसून, हे तो दोनदा म्हणायचा.

बुधवारी नगरसभेत विषय आहे, बारा आसनांची बस, दिवसातून दोनदा.
फ्राउके, आमची नवी महापौर, अजून मुलगीच,
म्हणते, पवनचक्क्या आपल्या माळावर
आणि भाडं म्युनिकला का?
निम्मं इथे थांबू दे.
तरी एक तृतीयांश कमीच पडतंय.
नावार चौदा वर्षं बस चालवत होता;
त्याचा परवाना कुठल्याशा टेबलावर पडून आहे.
तोवर मंगळवारसाठी एकेहार्टने नाव दिलंय.
त्याची फुली तिसऱ्यात असणार.
अक्षर नाही, पण त्याच्या हाताचा दाब मी ओळखते.
बस चालवील चांगली.

चारशे अकरा. तिसऱ्यात एकशे अठ्ठ्याण्णव.
"जुळलं?" "जुळलं."
शेवटचा कागद मी दिव्यासमोर धरला,
कोरा, आरपार, एक डाग नाही.
म्हणून बाद.

बाहेर थांब्यावर वेळापत्रकाची चौकट अजून आहे.
काच आमचीच, भट्टी क्रमांक दोनची.
आत कागद नाही.
बाहीने पुसून ठेवली.